आई रडली नव्हती

अंगात येणं, भूतखेत असलं काही आमच्या घरात कधीच नव्हतं. मी तर शाळेत विज्ञान शिकवायचे. तरीही हे लिहितेय, कारण माझा मोठा भाऊ अजून सगळ्यांना सांगतो की बाबा गेल्यानंतरच्या जलदानविधीला आईने तमाशा केला. खोटं आहे ते!

नव्वदच्या सुमाराची गोष्ट. भाईंदर ईस्टला, नवघरमध्ये दादाने नवा फ्लॅट घेतला होता. बाबा तिथेच वारले. आई लातूरकडची. तिकडे बाया गेलेल्या माणसाचं अख्खं आयुष्य सांगत, हेल काढून रडतात. आईने नुसतं "अवो..." म्हटलं, तर दादा खेकसला, "आई, बिल्डिंग आहे ही, गाव नाही. लोक काय म्हणतील?"

तिने पदर तोंडात कोंबला. नवरा गेला होता तिचा — आणि ह्याला शेजाऱ्यांची पडली होती!

जलदानाच्या दिवशी, भर दुपारी, हॉल माणसांनी भरला होता. विहारातल्या भन्तेजींची वंदना झाल्यावर दादा आभार मानायला उभा राहिला. "माझे वडील..." म्हणाला आणि थांबला. मग त्याच्या तोंडून आईचा आवाज आला. तोच हेल...

"अवो, माज्या मुक्ताला पुरायला एकलेच गेलाव... मला दारातच अडवलं, रडू नको म्हनलं... आता तुमी बी मुक्यानंच चाललाव..."

मी आईला धरून बसले होते. तिचं तोंड पदराने बंद होतं.

दादा खाली बसला, घाम पुसला. मला म्हणाला, "आभारात कुणाचं नाव राहिलं नाही ना?"

"मुक्ता कोण?" मी विचारलं.

"कोण मुक्ता?"

उत्तर आईने दिलं, सगळे गेल्यावर. "तुमची थोरली. तुमा दोघांच्या आदीची. तापानं गेली. तुमचे बाबा म्हनले, नाव काढायचं न्हाई." दारात अडवल्याचं तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. म्हणजे बाबांनीही तिला रडू दिलं नव्हतं! माझ्या डोक्यात तिडीक गेली.

मागे बसलेल्यांना वाटलं, आईच रडली. पण शेजारची गुजराती भाभी पुढेच होती. ती शपथेवर सांगायची, "मैंने देखा ना, मुँह भाई का था."

तो आवाज कसा आला, मला आजही सांगता येत नाही. दादाला विचारलं तर उठून जातो. जाऊ दे. पण आईने तमाशा केला, असं पुन्हा कुणाला सांगू नको म्हणावं... तिला तर रडूही दिलं नव्हतंस तू.