बिडीआक्काची खिडकी

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे गोधडी पिळणं. सोमवारची दुपार होती. ती एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला. लग्न झाल्यापासून आम्ही अशाच गोधड्या पिळत आलो, त्यात सांगण्यासारखं काही नाही. पण त्या दिवशीही आमच्या दोघांत तिसरा माणूस होता. बिडी कारखान्यातला जुना चेकर मांडीवर फाईल घेऊन आमच्या पायरीवर बसला होता, आणि ही पीळ देता देता त्यालाच विचारत होती, "लेक कुठल्या गावात राहतीया?" मी मुद्दाम माझं टोक सोडून दिलं. गोधडी धपकन फरशीवर पडली. ती म्हणाली, "अवं, हातात जोर न्हाय व्हय?" आणि परत चेकरकडं वळली. "हां, सांगा. कुठल्या गावात?"

निपाणीत आमच्या गल्लीत सगळे तिला बिडीआक्का म्हणायचे. मी नवरा, मला आक्का म्हणता येत नव्हतं, आणि नाव घ्यायची आमच्यात रीत नाही. मी 'अगं' म्हणायचो. ह्या बाईला कुठल्याही खिडकीची भीती वाटायची नाही. बँक असो, तहसील असो, दवाखाना असो. मी तंबाखूच्या वखारीत जन्मभर पोती वाहिली, पाठीवर ओझं घेऊन हलत्या फळीवरून चाललो. पण खिडकीपुढं उभा राहिलो की माझी जीभ टाळ्याला चिकटायची. पलीकडचा माणूस कानडीत काही विचारायचा, मला कानडी येत असून सुचायचं नाही. मग ही मला कोपरानं बाजूला करायची. "सरका तिकडं. दारात हुभं केलेलं बुजगावणं बरं." लोकांसमोर म्हणायची. मला राग यायचा आणि सुटल्यासारखंही वाटायचं.

हे धाडस तिला बिड्यांनी दिलं. परकर नेसत होती तेव्हापासून ती बिड्या वळायची. रोज संध्याकाळी बायका आपापल्या बिड्या बुट्टीत घालून कारखान्याच्या खिडकीवर न्यायच्या. आत चेकर बसलेला. तो बिड्यांची जुडी, म्हणजे कट्टा, हातात घेऊन दाबून बघायचा आणि पसंत नसतील त्या बिड्या बाजूला फेकायचा. त्याला छाट म्हणत. छाट गेली ती गेली, तेवढी मेहनत मातीत. बायका हात जोडायच्या, डोळ्याला पदर लावायच्या. ही नाही. ती म्हणायची, "रडलं की छाट वाढतीया. लई बोललं की आणखी वाढतीया. गप हुभं राहायचं आणि त्येच्या तोंडाकडं बघायचं. त्यो बी सकाळी घरात भांडूनच आलेला असतोय."

हे शहाणपण अमेरिकेला कसं लागू पडलं, ते सांगतो. शेजारच्या पोरीचं लग्न तिकडच्या पोराशी झालं. कायमचं राहायला जायचं, तर व्हिसासाठी मुंबईत त्यांच्या कचेरीत जाऊन मुलाखत द्यावी लागते, आणि तीही काचेच्या खिडकीपुढं उभं राहून. पोरीच्या पोटात अन्न ठरेना. दिवसभर ओकायची. तिची आई रडत आली. ही म्हणाली, "पाठव तिला सांजच्याला." स्वतः स्वयंपाकघरात पाटावर बसली, पोरीला अंगणात खिडकीच्या गजांपुढं उभी केली, आणि साहेब होऊन प्रश्न विचारायला लागली. "लग्नाला किती माणसं हुती? नवरा काय काम करतोय?" पोरगी भडाभडा बोलायला लागली की ही गजावर उलथनं आपटायची. "इचारलं तेवढंच दे. सगळी बुट्टी एकदम वतू नगंस." चार संध्याकाळी असं झालं. पाचव्या दिवशी पोरगी मुंबईला गेली आणि पास होऊन आली.

मग आमचं अंगण आमचं राहिलं नाही. चिकोडीहून, संकेश्वरहून, एक पोरगा तर खानापूरहून आला. हिला इंग्रजीचा गंध नाही. पण मुंबईहून परत आलेला प्रत्येक जण तिला सगळे प्रश्न सांगायचा आणि ती ते डोक्यात ठेवायची. सरळ मराठीत विचारायची. जाताना त्या पोरापोरींचे हात धरायची. तंबाखूनं पिवळी झालेली तिची बोटं, त्यात त्यांचे गार हात. "जेवून जायचं. उपाशी माणसाचा हात कापतोय, आणि हात खिडकीवर ठेवायचाच न्हाय." मी ओट्यावर बसून हे बघायचो. माझा हात तिनं एकदाच धरला होता, लग्नात, तोही भटजीनं सांगितलं म्हणून.

आणि एक दिवस चेकर आला.

तोच चेकर. पंधरा वर्षं खिडकीच्या आत बसून जो हिच्या बिड्या फेकत होता, तो आता म्हातारा होऊन, टोपी काखेत धरून आमच्या दारात उभा होता. बायको जाऊन दोन वर्षं झालेली. एकच लेक, ती अमेरिकेत. तिनं बापाला कायमचं तिकडं बोलावलं होतं. पहिल्या खेपेला हा मुंबईच्या खिडकीपुढं उभा राहिला आणि घाबरून लेकीचं नावच विसरला. त्यांनी परत पाठवला. आता दुसरी तारीख आली होती, तीन आठवड्यांवर. ही तारीखही हुकली तर निपाणीच्या त्या घरात एकट्यानं मरायचं, असं तो म्हणाला.

मला वाटलं, ही त्याला चार शब्द सुनावील. हिनं त्याला बसायला पाट दिला.

चेकर जैन. दिवस मावळायच्या आत जेवणार, कांदा-लसूण खाणार नाही. म्हणून सहाच्या ठोक्याला त्याच्या ताटात गरम भाकरी पडायची. मी नऊला जेवायचो, मला तीच गार झालेली. तीन आठवडे आमच्या घरात लसूण नव्हता. मी विचारलं, "ह्या आमटीला काय झालंय?" ती म्हणाली, "त्यास्नी चालत न्हाय. दोन भांडी कोण घासणार? तुमी?"

शिकवायला चेकरसारखा अवघड गडी दुसरा नव्हता. कागद खिडकीतून आत सरकवायचे, तर हा आधी ते हातात घेऊन दाबून बघायचा आणि एखादा कागद बाजूला काढायचा. ही उलथनं उगारायची. "हात आवरा. आता खिडकी तुमची न्हाय." घाबरला की तो तोंडातल्या तोंडात कानडीत मोजायचा, ओंदु, एरडु, मूरु. दुसऱ्या कुणी ती सवय मोडली असती. हिनं ती कामाला लावली. "प्रश्न इचारला की मनात पाच बिड्या मोजायच्या. मग तोंड उघडायचं." त्या मोजण्यानं त्याला खरंच थारा आला. एका प्रश्नाला मात्र तो रोज अडायचा. "बायको कुठं हाय?" असं विचारलं की म्हणायचा, "घरात न्हाय." कधी म्हणायचा, "आता काय सांगू आक्का." ही त्याला पुन्हा पुन्हा सांगायची, "एकच शब्द. वारली. फुडं काय बी जोडायचं न्हाय." त्याच्या तोंडून तो शब्द निघायचा नाही. तो डोळे पुसायचा आणि ही थांबायची. माझ्यासाठी ती कधी इतकी थांबली नाही.

मी एक वाईट गोष्ट केली. ती गिरणीत गेली होती. चेकर आला. मी म्हटलं, उभे राहा, आज मी विचारतो. पाटावर बसलो आणि गजातून विचारलं, "तुमी किती बायकांच्या बिड्या छाटल्या?" त्यानं पाच मोजले. त्याचे ओठ हलताना मला दिसले. म्हणाला, "मोजल्या न्हाईत, अण्णा." फाईल उचलली आणि गेला. तीन दिवस आला नाही. हिला कळलं तेव्हा तिनं चप्पल घातली आणि त्याच्या घरी जाऊन त्याला घेऊन आली. मी एकदा रुसून बहिणीकडं गेलतो, तेव्हा आठ दिवस कुणी बोलवायला आलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी बोललोच. "एवढं काय लागतंय गं तुला त्याचं?"

ती तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही. "पंधरा वर्सं त्यानं माझ्या बिड्या बघितल्या, तोंड न्हाय बघितलं. अकरा नंबर म्हणायचा मला. आता आक्का म्हणतोय. उत्तर दिलं की बरोबर आलं का म्हणून तोंडाकडं बघतोय. बघू दे की."

"आणि मी? मी बघतोय ते?"

"तुमी व्हय? तुमी तर दोन आठवडं चेकरकडंच बघत बसलायसा."

मग तिलाच हसू आलं. म्हणाली, "त्येंचं एकदा होऊ दे. मग येळ्ळूरला लेकीकडं जाऊ चार दिवस. दोघंच." मी त्या दिवसापासून दिवस मोजायला लागलो. चेकरला व्हिसा मिळावा असं त्याच्या लेकीलासुद्धा वाटत नसेल इतकं मला वाटायचं. एकदाचा जाऊ दे समुद्रापलीकडं.

सोमवारी गोधडी वाळत घातली आणि संध्याकाळच्या गाडीनं चेकर मुंबईला गेला. बुधवारी सकाळी मुलाखत होती. तो वळणावरून दिसेनासा झाल्यावर हिनं आमटीला लसणाची फोडणी दिली. वास गल्लीभर गेला. मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. वाटलं, माझं घर मला परत मिळालं.

मंगळवारी पहाटे ती चहाला उठली नाही. मी हाक मारली, हलवली. डॉक्टर म्हणाला, झोपेतच गेल्या. दुपारी येळ्ळूरहून लेक-जावई आले, आणि ऊन कलायच्या आत आम्ही तिला पोचवून आलो. लोक म्हणाले, सोनं झालं. माझ्या डोळ्यात पाणी नव्हतं.

दिवेलागणीला कोनाड्यात तिचा फोन वाजला. लेक उचलायला गेली. चेकरचं नाव बघून मी तो तिच्या हातून घेतला आणि मागं धुण्याच्या दगडापाशी जाऊन 'बोला' म्हटलं.

"अण्णा, जरा आक्काला द्या. छाती लई धडधडाय लागलीया. उद्याचं काय खरं न्हाय."

त्याला कुणी कळवलं नव्हतं. माझ्या तोंडाशी आलं होतं. एक वाक्य बोललो असतो तर हा उद्या त्या खिडकीपुढं उभाच राहिला नसता. मी म्हटलं, "ती येत न्हाय फोनवर."

"रागावली काय?"

"दमलीया. मी इचारतो. सरळ हुभं राहावा."

"तुमी? मागल्यासारखं इचारू नगा, अण्णा."

"न्हाय इचारत."

आणि मी विचारायला लागलो. मला येतंय हे मलाच माहीत नव्हतं. सगळे प्रश्न, तिच्या क्रमानं, ती जिथं थांबायची तिथं थांबून. तीन आठवडे मी दाराआड उभा राहून एकेक शब्द ऐकला होता. दोघं मधेच दुसरं काही बोलतात का, ते पकडायला. दुसरं काही ती कधी बोलली नाहीत. लेकीचं नाव काय. काय काम करते. तिकडं कुणाकडं राहणार. चेकर नीट उत्तरं देत होता. आणि पुढचा प्रश्न आला. तो गाळता येत नव्हता, उद्या साहेब गाळणार नव्हता. मी दगडावर टेकलो.

"अण्णा? हाय का लाइनीवर?"

मी विचारलं, "बायको कुठं हाय?"

तो मोजत होता, मला ऐकू येत होतं. मग म्हणाला, "वारली." पुढं काही जोडलं नाही.

"बरोबर काय, अण्णा?"

"बरोबर. उद्या असंच सांगायचं."

"आक्काला सांगा, शब्द आला म्हणून."

"सांगतो," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला रक्षाविसर्जन होतं. सगळे स्मशानात जमले. मी म्हटलं, थांबा. साडेनऊ झाले, दहा झाले. जावई जवळ येऊन म्हणाला, "मामा, लोक खोळंबल्यात." मी म्हटलं, खोळंबू देत. लोकांना वाटलं, म्हातारा खुळावला. साडेदहाला खिशात तिचा फोन वाजला. मी 'बोला' म्हटलं.

"अण्णा, मिळाला! साहेब हसला बघा माझ्याकडं बघून! आक्काला द्या, आक्काला द्या."

"चेकर, तिथं बसायला जागा हाय काय?"

"फुटपाथ हाय की."

"बसा आधी." मग मी सांगितलं. काल पहाटे गेली म्हणून सांगितलं. काल तुमी फोन केला तेव्हा आम्ही तिला पोचवून आलतो, हेही सांगितलं.

त्यानं मोजलं नाही काही. मुंबईच्या रस्त्यावर, माणसांच्या गर्दीत, तो मोठ्यानं रडायला लागला. मी अजून रडलो नव्हतो. घरात नाही, सरणापाशी नाही. तो माझ्याआधी रडला. मला तेसुद्धा बघवलं नाही. मी फोन बंद करून खिशात घातला.

जावई पाण्याची कळशी घेऊन पुढं झाला होता. एक हात राखेकडं नेत होता. मी त्याचं मनगट धरलं आणि म्हटलं, "आधी मी." पाणी शिंपडायच्या आधीच मी दोन्ही हात आत घातले. राख वरून गार होती, आतून अजून गरम होती.

"मामा, हात भाजंल," तो म्हणाला.

मी हात काढला नाही.