खिडकीवरच्या काकांची रांग

आमच्या वहिनीला मोघम बोललेलं खपत नाही. "वरच्या फळीवर ठेवलंय" म्हटलं की लगेच विचारणार, कुठल्या खोलीतल्या? बाई संगणकाचे प्रोग्रॅम लिहिते, आणि घरात आम्हा सगळ्यांची मास्तरीण.

एका दवाखान्यातली नावनोंदणी तिनेच बसवली होती. तिथे दोन प्रोग्रॅम चालायचे. एकात खिडकीवरचे काका पेशंटची नावं घालत, दुसरा ती नावं डॉक्टरांच्या दाराबाहेरच्या पडद्यावर दाखवी. दोघांची मेमरी वेगळी, त्यातली एकच जागा सामाईक, आणि त्या जागेत रांग. रांग सारखी वाढणार, आखडणार, म्हणून प्रत्येक नावापाशी पुढचं नाव कुठे आहे त्याचा पत्ता लिहिलेला असे.

एका सकाळी पडद्यावर तपासून घरी गेलेल्यांची नावं यायला लागली, आणि एक आजी दुपारपर्यंत बाकावर तशाच बसून राहिल्या. त्यांचा मुलगा सगळ्यांदेखत काकांना वाटेल ते बोलला. मोठ्या डॉक्टरांनीही काकांचं वय काढलं. चोर सोडून संन्याशाला फाशी! वहिनीला बोलावून घेतलं होतं, ती तिथेच उभी होती. आपलंच काही चुकल्याची तिला शंका आली होती, पण तिने तोंडात मिठाची गुळणी धरली. आधी खात्री करू, मग सांगू, असं तिने मनाला समजावलं. मला विचाराल तर ती घाबरली.

खात्री संध्याकाळीच झाली. ओट्याला टेकून तिने मला सांगितलं, की ती सामाईक जागा दोन्ही प्रोग्रॅमना आपापल्या घरात, म्हणजे आपापल्या मेमरीत, वेगवेगळ्या ठिकाणी दिसू शकते. आजवर ती योगायोगाने एकाच ठिकाणी येत होती. आदल्या दिवशी संगणक अपडेट झाला आणि योगायोग संपला. खिडकीने लिहिलेला पत्ता पडद्याने स्वतःच्या घरात शोधला, आणि तिथे जुनी नावं पडलेली होती. पत्ता लिहायचाच नाही, त्या जागेच्या सुरुवातीपासूनचं, दोन्हीकडे सारखंच राहणारं अंतर लिहायचं, हे ती नव्या पोरांना स्वतः शिकवते.

"लोका सांगे ब्रह्मज्ञान," मी बोलून गेलो. एरवी तिने मला लाटणं दाखवलं असतं.

"चुकले त्याचं इतकं नाही, भाऊजी," ती म्हणाली. "गप्प उभी राहिले, त्याची लाज वाटते."

दुसऱ्या दिवशी तिने रांग दुरुस्त केली आणि त्याच खिडकीपाशी, सगळ्यांसमोर, चूक आपली असल्याचं सांगितलं. डॉक्टरांनी काकांची माफी मागितली. काका वहिनीकडे वळले.

"काल सांगायचं होतंत, मॅडम. मी घरी जाऊन मुलीला सांगितलं, मला विसरायला होतंय. रडली हो ती. माझाही विश्वास बसला होता."

वहिनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढे बऱ्याच महिन्यांनी माझा घसा धरला म्हणून आम्ही दोघं तिथे गेलो. काकांनी माझं नाव तीनदा विचारलं, घातलं, आणि खिडकीतून वाकून पडद्याकडे पाहिलं.

"काका, पडदा आता बरोबर दाखवतो," वहिनी हळूच म्हणाली.

"पडद्याचं नाही हो. मी बरोबर घातलं ना, ते बघतो."

वहिनी माझ्या मागे सरकून उभी राहिली.