ग्रामसभेत दिलेलं उत्तर

सरपंचानं खिचडीचा गंज लाथेनं कलंडवला. अंगणवाडीच्या पायरीवरून खिचडी गटारात गेली. पोरं ताटल्या घेऊन बसली होती. एकही रडलं नाही. सगळी माझ्याकडं बघत राहिली.

"बाटलेल्या बाईच्या हातचं आमचे लेकरं खात नाई."

मग सांडलेली खिचडी मलाच भरायला लावली. खराटा दिला नाही. हातानं भर म्हणाला. मी उकिडवी बसून गरम खिचडी ओंजळीनं उचलत होते. सेविकाबाई, जिच्या हाताखाली मी मदतनीस होते, भिंतीकडं तोंड करून उभी राहिली.

हिंगणीच्या पुढं, जंगलाच्या अंगाला आमचं गाव. मी मांगपुऱ्यातली. नव्वदनंतरच्या एका सालात मदतनीस म्हणून लागले, तेव्हाही याच सरपंचानं पोरं पाठवली नव्हती. वरून दटावणी आली तेव्हा पाठवली. म्हणजे आधी माझा हात जातीनं वाईट, आता धर्मानं. चांगला कधी होता?

लग्नानंतर मला क्षय झाला. नवऱ्यानं आईच्या दारात आणून सोडलं आणि गेला. मिशनच्या दवाखान्यात एक म्हातारी नर्स होती. तिनं माझ्या डोक्यातल्या उवा काढल्या, केस धुतले, वेणी घातली. जात विचारली नाही. मीच विचारलं, बाई, माझं एवढं काऊन करता? म्हणाली, येशूनं माझं केलं म्हणून. घरी आल्यावर मी त्याच्याबद्दल ऐकत गेले. बाप्तिस्मा घेतला. कुणी ओढत नेलं नाही.

खिचडी सांडल्यावर तालुक्याचा साहेब चौकशीला आला. मला वाटलं, सरपंचाला जाब विचारेल. त्यानं मलाच विचारलं, काय भेटलं तुले? गहू? तेल? मी म्हटलं, क्षयातून उठले. तो हसला. म्हणाला, ग्रामसभेत उभी राहा, चुकले म्हण, ख्रिस्ती नाही म्हण, नोकरी राहील.

त्या संध्याकाळी आई माझ्याजवळ येऊन बसली. जन्मभर लोकांच्या वावरात निंदण केलेली बाई. तिला तो साहेब देवमाणूस वाटला होता.

"तोंडानंच म्हणाचं आहे न, माय. मनात ठेवजो तुह्या येशूले. तिथं कोण पाह्यते?"

तिचं खोटं नव्हतं. मनात कुणालाच दिसलं नसतं. सकाळपर्यंत मी तेच घोकलं, चुकले, चुकले. जीभ वळतही होती. पण ग्रामसभेत पोचले तर माणसं ओट्यावर, सतरंजीवर, आणि मला खाली मातीत उभं केलेलं. सरपंच पान चघळत होता. साहेब घड्याळ बघत होता. माझ्या तोंडून 'ख्रिस्ती नाही' निघेल याची दोघांना इतकी खात्री होती, की कुणी माझ्याकडं नीट बघतही नव्हतं. तिथंच माझं भय गेलं.

"मी ख्रिस्ती हाओ," मी म्हटलं. "चुकली नाई. म्या कोणाचं काई बिघडवलं नाई."

कुणीतरी चप्पल फेकली. कानशिलाला लागली. साहेबानं बघितलं आणि मान वळवली. पोलीस पाटलानं दंड धरून मला बाहेर काढलं. आई घरापर्यंत मागं रडत आली.

नोकरी गेली. गावातल्या हापशीवर घागर लावू देईनात, म्हणून आम्ही नाल्याचं पाणी आणलं. आई मरेपर्यंत म्हणत राहिली, एका शब्दासाठी पोरीनं घर बुडवलं. तिला मी पटवू शकले नाही. आता मी सिंदीला जिनिंगच्या कारखान्यात कापसातला कचरा निवडते. छातीत तो कापूस जातो, जुना खोकला वर येतो.

इथल्या ठाण्यातूनही शिपाई येतो. रविवारी माझ्या खोलीत प्रार्थनेला कोण कोण जमतं विचारतो, प्रार्थना बंद कर म्हणतो, नाहीतर आत टाकीन म्हणतो. मी त्याला जमणाऱ्यांची नावं सांगत नाही. माझं तेवढं सांगते. आत टाकलं तर आत करीन प्रार्थना. मोठ्यानं करीन. त्यांनी कान झाकावेत.