देवघराचा खण

देवघराचा खण आज बंदच होईना. आत अगरबत्तीचे पुडे दाटीवाटीने बसलेत. मोगरा, चंदन, पुन्हा मोगरा. ऑफिसातून आले की खांद्यावरची पर्सही न काढता मी सोफ्यावर बसून फोनवरून किराणा मागवते. क्रेडिट कार्डावर सवलत मिळते, घरपोच यायचेही पैसे पडत नाहीत. फक्त बिल ठरावीक रकमेच्या वर जावं लागतं. ते दर वेळी थोडक्यासाठी अडतं. मग मी अगरबत्तीचा एक पुडा वाढवते. ती बिचारी नासत तरी नाही.

"अगं, एवढासा आपला बाळकृष्ण," खण ढकलत सासूबाई म्हणाल्या, "त्याने वास तरी किती घ्यायचा?"

मी हसले, पण त्या हसण्याचाही शीण आला. पूर्वी डबे उघडून घरात काय संपलंय ते बघायचे. आता बिलाला किती कमी पडतंय तेवढंच बघते. वाचलेले पैसे कुठे जातात कोण जाणे. दिसतो तो हा खण.

तेवढ्यात बेल वाजली आणि आजची पिशवी आली. सासूबाईंनी चहाचं आधण ठेवलंच होतं.

"साखर दे गं त्यातली."

मी पिशवी ओट्यावर रिकामी केली. पोहे, साबण, गुलाबाची अगरबत्ती. साखर संपली म्हणून तर फोन हातात घेतला होता.

सासूबाईंनी गुलाबाची एक काडी लावली, आणि घमघमणाऱ्या घरात आम्ही दोघी बिनसाखरेचा चहा प्यायलो.