रेवतीकडचे मोदक

पार्ल्यातल्या लोकांची नाकं फार तिखट असतात. मी जन्मापासून इथलीच, लग्न करूनही दोन गल्ल्या सोडून इथेच आले, तेव्हा बोलायचा मला हक्क आहे. ही माणसं आमटीत मीठ कमी पडलंय ते वासावरून ओळखतील. पण मागच्या दारी कोणाचं माणूस कुजत पडलंय हे विचारायची वेळ आली की सगळ्यांना एकदम सर्दी होते.

सुगंधाचं सांगते. आमच्या सोसायटीच्या मागे एक बैठी चाळ आहे, तिथली पहिली खोली तिची. मूळची देवगडची. नवरा काशीराम मरोळला खोके बनवणाऱ्या एका कारखान्यात होता. कारखाना बंद पडला तेव्हा हिने पोळीभाजीचे डबे सुरू केले आणि त्याने सायकल काढली. बारा वर्षं ही लाटत होती आणि तो दारोदार पोचवत होता. उंच माणूस, बोलायला कमी, आणि गालात सदा न कदा तंबाखू. मी किती वेळा सांगितलं. "सोडतो वहिनी" म्हणायचा आणि कोपऱ्यावर जाऊन थुंकायचा. मला त्याचाही राग आहे, उगाच गोड कशाला बोलू.

गेल्या दिवाळीनंतर जबड्यात गाठ निघाली. ऑपरेशन, केमो, रेडिएशन, सगळं झालं. मे महिन्यात परळच्या डॉक्टरांनी सांगितलं की आता घरी न्या, दुखणार नाही एवढं बघा. दुखणार नाही एवढं बघायला किती पैसा लागतो ते मला तेव्हा कळलं. डोकं वर करता येतं असला पलंग भाड्याने, घशातला कफ ओढायचं मशीन भाड्याने. नाकातल्या नळीतून द्यायचं पावडरचं दूध, डायपर, पट्ट्या, दिवसातून दोनदा ड्रेसिंग. गालाला आरपार भोक पडलं होतं. जखमेचा वास कमी व्हावा म्हणून गोळ्या कुटून त्यांची पूड वर भुरभुरायची असते. त्यासाठी सुगंधाने वेगळा खलबत्ता आणला. तो कॉटखाली असायचा, स्वयंपाकाच्या भांड्यांजवळ तिने कधी येऊ दिला नाही. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

पण बघायला येतंय कोण? डबे मात्र एकेक करून बंद झाले. चाळीस होते, जुलैत अकरा उरले. कोणी खरं कारण सांगेल तर शपथ. एकीने डाएट सुरू केलं, एकीच्या सुनेला अचानक स्वयंपाकाची आवड लागली. एकीने तर "तुझ्यावर ताण नको गं" म्हणून डबा थांबवला. ताण नको! ज्या पैशावर नवऱ्याचं दुखणं निभावतंय तेच बंद करून ह्या तिचा ताण कमी करणार. वर नारळपाणी पाठवून दिलं, तेसुद्धा वॉचमनच्या हाताने.

गणपतीचे मोदक ही सुगंधाची वर्षातली सर्वांत मोठी कमाई. त्या एका सकाळच्या पैशावर पलंग आणि मशीन दिवाळीपर्यंत राहिलं असतं. पलंगवाल्याचं दोन महिन्यांचं भाडं थकलं होतं, आणि चतुर्थीआधी द्या नाहीतर उचलतो असं त्याने बजावलं होतं. पलंग गेला की काशीरामला जमिनीवर घ्यायचा, आणि आडवा झाला की त्याचा श्वास कोंडायचा. म्हणजे मोदक गेले तर तो श्वासाला तडफडणार, इतकं ते साधं होतं.

ऑगस्टच्या सुरुवातीला मृणालिनीचा मला फोन. पलीकडच्या सोसायटीतली, कॉलेजातून निवृत्त झालेली, माझ्याच वयाची. ती दरवर्षी सुगंधाकडचेच मोदक घ्यायची. तसं तिचं काही नव्हतं म्हणे, पण नैवेद्य आहे आणि त्या घरात असा पेशंट आहे, तर ह्या वर्षी दुसरीकडे बघावं का? बाकीच्या बायकांचंही तेच चाललं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण भांडून ऑर्डरी मिळत नाहीत. मी म्हटलं, ह्या वर्षी मोदक माझ्या घरी होणार आहेत, माझ्या ओट्यावर, माझ्या भांड्यांत. सुगंधा फक्त वळायला येईल. आणि तिचा नवरा? मी म्हटलं, गावाला पाठवलाय. बरं झालं, मृणालिनी म्हणाली, अशा माणसांना मोकळी हवा हवी असते. आणि लगेच ऑर्डर लिहायला सांगितली.

आठ दिवसांत सव्वातीनशे मोदक नोंदले गेले, अर्धे पैसे आगाऊ. बायका आपसात "रेवतीकडचे मोदक" म्हणायला लागल्या. सुगंधालाही फोन यायचे, चौकशीचे. ती सगळ्यांना सांगायची, ह्यांना देवगडला पाठवलंय, भावाकडे असतात, बरं आहे. हे बोलताना काशीराम तिच्यापासून दोन हातांवर पडलेला असायचा. त्याला बोलता येत नव्हतं, पण ऐकू सगळं यायचं. मी एकदा तिथेच होते. फोन ठेवल्यावर तिने त्याच्याकडे बघितलं, तर त्याने मान हलवली, बरोबर बोललीस अशी. मी तिथून उठून आले. घरी येऊन अनंतवर, म्हणजे माझ्या नवऱ्यावर, काहीही कारण नसताना ओरडले.

चतुर्थीला सुगंधा पहाटे चारला वर आली. सारण आदल्या दिवशीच केलेलं. ती उकड मळून मोदक वळत होती, मी मोदकपात्र सांभाळत होते आणि खोके भरत होते. तिचा हात बघत राहावा असा. पारी कागदासारखी पातळ आणि कळ्या अशा की मोजून घ्याव्यात. दर अर्ध्या तासाने ती खाली जाऊन त्याला बघून यायची, येताना साबणाने कोपरापर्यंत हात धुवायची. सात वाजता गेली ती जरा उशिराने आली. मी विचारलं, कसे आहेत. म्हणाली, झोपलेत. त्यानंतर ती खाली गेलीच नाही. मान खाली घालून वळतच राहिली. कामाला असा वेग आला की मी म्हटलंसुद्धा, बघ, आज तो शांत झोपलाय तर कसं झपाझप होतंय.

नऊला मृणालिनी आली, नवी साडी, नथ वगैरे घालून. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आली. सुगंधा समोरच बसलेली, पण तिच्याशी एक शब्द नाही. खोका उघडून बघितला आणि मला म्हणाली, घरात प्रसन्नता असली की ती अशी हातात उतरते बघ रेवती. आणि मी, मी हसून थँक्यू म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? गिऱ्हाईक होतं ते.

पावणेअकराला शेवटचा खोका गेला. सुगंधाने ओटा पुसला, मोदकपात्र घासून पालथं घातलं, हात पुसले. मग म्हणाली, "वहिनी, आता माझ्यासोबत खाली चला. ते सातलाच गेले."

मी म्हटलं, सातला? आणि आत्ता सांगतेस?

"सातला सांगितलं असतं तर सगळं टाकायला लागलं असतं," ती म्हणाली. "आगाऊचे पैसे पलंगवाल्याला देऊन झाले. परत करायला कुठून आणू?"

तिचा आवाज हललाही नाही. मुलीला, मुलुंडच्या श्रुतिकाला, अजून कळवलं नव्हतं. त्याचं तोंड पुसून, वर चादर घालून, दाराला बाहेरून कडी लावून ती आली होती, आणि पावणेचार तास माझ्या ओट्याशी बसून दुसऱ्यांच्या देवांचा गोड घास वळत होती.

आता पुढचं सांगते. ह्यात मला स्वतःला सोडायचं नाही. मी तिला जवळ घ्यायला हवं होतं. बाहेरच्या खोलीत आमचा गणपती बसला होता, अनंत गुरुजींना फोन लावत होता, साडेअकराला पूजा. आणि माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो आमच्या नैवेद्याचा. सुतकात वळलेले मोदक. आता देवापुढे काय ठेवू? काशीराम खाली मरून पडलाय हे नंतर आलं, हे आधी. ते माझ्या चेहऱ्यावर दिसलंच असणार.

सुगंधा माझ्याकडे बघत होती. तिच्या नजरेत राग नव्हता, आश्चर्यही नव्हतं.

"तुमच्या नैवेद्याचे एकवीस पहिल्या उकडीतलेच काढून ठेवलेत, वहिनी," ती म्हणाली. "फडताळात आहेत, झाकलेत. ह्यांचा श्वास पहाटेच बदललेला, म्हणून तुमचे आधी वळले. तेव्हा ते होते."

म्हणजे मृणालिनी आणि त्या बाकीच्या, ज्यांच्या नावाने मी तीन महिने बोटं मोडत होते, त्यांच्या रांगेत तिने मला पहाटे चारलाच उभं केलं होतं. आणि शी, सांगायलासुद्धा लाज वाटते, ते ऐकून मला हायसं वाटलं.