थर्माकोलची पापलेटं

टोपलीत सहा पापलेटं होती. थर्माकोलची. वरून चंदेरी रंग, डोळ्यांच्या जागी काळे मणी चिकटवलेले. भिंतीपलीकडे कोल्ड स्टोरेजमध्ये खरी मासळी टनांनी पडलेली आणि माझ्या डोक्यावर थर्माकोल.

"लाइन पाठ आहे ना?" मॅडमनी विचारलं.

मी मान हलवली.

"एकदा बोलून दाखव."

"या, या, ताजी ताजी मासळी घ्या."

"अगं, बातम्या दिल्यासारखं नको. तुझी आई मार्केटमध्ये बोलते ना, तसं. कमरेवर हात ठेव. फुल्ल कोळीण वाटली पाहिजेस."

मी कमरेवर हात ठेवला. पुन्हा बोलले. मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, "आता जमलं."

या मॅडम म्हणजे तळोज्याच्या एका मासळी निर्यात कंपनीच्या ट्रेनिंग मॅडम. मी तिथे कामाला नव्हते. मी विद्यापीठाची विद्यार्थिनी होते, अन्न तंत्रज्ञान, तिसरं वर्ष. आमच्या अभ्यासक्रमाला को-ऑप म्हणतात. एक सत्र वर्गात, एक सत्र कंपनीत. कंपनीत जे शिकायचं ते रोज एका वहीत लिहायचं आणि दर शनिवारी कंपनीच्या माणसाची सही घ्यायची. सगळ्या सह्या झाल्या आणि शेवटी मूल्यमापनाचा फॉर्म चांगला भरून आला, तरच सत्र पास. नाहीतर सहा महिने पाण्यात. माझी वही या मॅडमच्या हातात होती. एवढं सांगितलं की मी कमरेवर हात का ठेवला ते कळेल.

त्या दिवशी कंपनीत मोठा कार्यक्रम होता. तळोज्यातल्या दुसऱ्या कंपन्यांची माणसं बोलावली होती. विद्यापीठातून विद्यार्थी कसे घ्यावेत, ते आमची कंपनी त्यांना समजावून सांगणार होती. आमच्या कॉलेजचे समन्वयक सरही येणार होते. आदल्या दिवशी मॅडम माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "तू सारसोळ्याची ना? ओरिजिनल कोळी. तुमच्या घरी ते लुगडं असेलच. पाहुण्यांच्या स्वागताला उद्या तू. लोकल टच येईल."

मी म्हणाले, "मॅडम, प्रेझेंटेशनमध्ये माझा चार्ट आहे ना?"

"ते बघू. आधी लुगडं आण."

घरी जाऊन आईला सांगितलं, कंपनीत कार्यक्रम आहे, लुगडं नेसून बोलावलंय. माझी आई नेरूळच्या बाजारात मासळी विकते. पहाटे उठते, दुपारी येते, हात धुते आणि झोपते. त्या दिवशी झोपली नाही. पेटी उघडून बसली.

"कंपनीन सत्कार हाय का गो तुजा?"

मी काहीतरी "हूं" केलं. खोटं बोलले असंही नाही आणि खरं सांगितलं असंही नाही.

"मंग ह्या नेस," ती म्हणाली. "ह्या चांगला हाय. एकदाच नेसलंय मी."

सकाळी तिनंच नेसवलं. काष्टा घट्ट बसवला, मागे जाऊन बघितलं, पुढे येऊन बघितलं. मी कंपनीच्या बसमध्ये चढले तेव्हा ती रस्त्यावर उभी होती. तेवढ्यासाठी तिनं त्या दिवशीचा बाजार बुडवला.

आणि मग ते सभागृह. एक-एक पाहुणा आत येत होता. मी डोक्यावर टोपली घेऊन दाराशी. "या, या, ताजी ताजी मासळी घ्या." ते हसायचे. मी टोपलीत ठेवलेल्या स्वागताच्या बिल्ल्यांतला एक काढून त्यांच्या कोटाला लावायची. एकानं विचारलं, "भाव काय?" मागचे सगळे हसले. एकानं माझ्या शेजारी उभं राहून फोटो काढला आणि सांगितलं, "जरा हसा ना ताई." मी हसले. हे मी लपवणार नाही. मी प्रत्येक वेळी हसले.

समन्वयक सर आले. त्यांनी मला दोन वर्षं शिकवलंय. माझं नाव त्यांना माहीत आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, टोपलीकडे पाहिलं आणि म्हणाले, "अरे वा." बिल्ला लावून घेतला आणि आत गेले.

सगळे बसल्यावर मला वाटलं, आता सोडतील. मॅडमनी दारापाशीच थांबायला सांगितलं. जेवणाच्या वेळी पुन्हा लागणार होते. मग मी तिथूनच सगळं ऐकलं. पडद्यावर मॅडम एकेक गोष्ट दाखवत होत्या. विद्यार्थी घेण्याआधी कामाचं स्वरूप लेखी ठरवा. त्याला शिकवायला एक अनुभवी माणूस नेमा. त्याला खरं काम द्या, फोटोकॉपी काढायला लावू नका. दर आठवड्याला त्याच्याशी बोला. वही तपासा. सगळे लिहून घेत होते.

माझ्या कामाचं स्वरूप सांगते. पहिले तीन आठवडे जुन्या फायलींना नंबर घातले. मग खोक्यांना लेबलं लावली. लॅबमध्ये जायला मागितलं तर म्हणाले, जागा नाही. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की हिला मासळी कळते, म्हणून मला माल उतरतो त्या धक्क्यावर उभं केलं. कल्ला उचलायचा, डोळा बघायचा, बोटानं दाबायचं. हे मला आईनं शिकवलं, कंपनीनं नाही. तिथं उभ्या उभ्या मी एक चार्ट केला. एकाच जातीची मासळी बर्फात ठेवून रोज तिच्या कल्ल्याचा फोटो, रंग, वास, गुण. चार आठवडे. कोणी सांगितलं नव्हतं. मॅडमना दाखवला तेव्हा त्या म्हणाल्या, "छान आहे. मला मेल कर." मी किती खूश झाले होते, आता आठवलं तरी लाज वाटते.

आता तो चार्ट पडद्यावर होता. समोर ऋजुता उभी होती. ऋजुता माझ्याच वर्गातली, सानपाड्याची, माझ्याबरोबरच ट्रेनिंगला आलेली. इंग्रजी फाडफाड. मुलगी वाईट नाही. डबा वाटून खायची. तिनं माझे फोटो दाखवले, माझे गुण वाचले. खाली तिचं नाव होतं. टाळ्या पडल्या. टोपलीमुळे मला वाजवता आल्या नाहीत, एवढं बरं झालं.

बसमध्ये ती म्हणाली, "मला मॅडमनी काल संध्याकाळी फाइल दिली. म्हणाल्या, तू बोल. मी काय करू सांग?"

मी काय सांगणार? ती नाही म्हणाली असती तर तिचीही वही त्याच टेबलावर होती.

शनिवारी वही भरायची होती. इथं आमची सगळ्यांची एक खोड सांगायला हवी. वही कोणी स्वतःच्या मनानं भरत नाही. आदल्या वर्षीच्या कुणाची तरी वही ग्रुपवर फिरत असते, ती बघून उतरवायची. 'आज सूक्ष्मजीव चाचणीची प्रक्रिया शिकलो.' 'आज गुणवत्ता नियंत्रणात सहभाग घेतला.' मीही तेच केलं होतं. फायलींना नंबर घालून आले की लिहायची, आज सूक्ष्मजीव चाचणी शिकले. मुलगे 'शिकलो' लिहायचे, मी 'शिकले' लिहायची, तेवढाच बदल. चौदा आठवडे. चौदा सह्या.

त्या शनिवारी मी उतरवायला बसले आणि पेन पुढे सरकेना. मग लिहिलं. 'शुक्रवारी लुगडं नेसून दारात उभी राहिले. डोक्यावर टोपली होती. पाहुण्यांना बिल्ले लावले. माझा चार्ट दुसऱ्या विद्यार्थिनीच्या नावानं दाखवला गेला. काही शिकवलं गेलं नाही.'

मॅडमनी वाचलं. चेहरा बदलला नाही त्यांचा.

"हे पान फाड."

"पानांना नंबर आहेत मॅडम. कॉलेजचा शिक्का आहे."

"मग व्हाइटनर लाव. सोमवारी आण, मी सही करते. बाळा, तुझं वर्ष आहे. मला काय फरक पडतो?"

आवाज अगदी मऊ होता. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी घरी जाताना स्टेशनाबाहेरून व्हाइटनर विकत घेतला. हो, घेतला. रात्रभर दप्तरात होता.

रविवारी दुपारी आई बाजारातून आली ती नेहमीसारखी झोपली नाही. शेजारी मासळी लावणारीच्या मुलानं फोनवर फोटो दाखवला होता. कंपनीनं टाकलेला. मी, टोपली, तो कोटवाला माणूस, आणि माझं हसू. आईनं टोपली खाली ठेवली. मोरीपाशी हात धुतले. बराच वेळ धुतले.

मग म्हणाली, "त्यानला मासली इकनारीच पायजे व्हती त मना बोलवाची. तुला कॉलेजान कशाला धाडली मी?"

मग तिनंच पुढे विचारलं,

"टोपलीन काय व्हता?"

"थर्माकोल."

तिला आधी कळलंच नाही. समजावून सांगितलं. पोरांच्या शाळेत नाटकाला करतात तसली मासळी. तिनं पदरानं हात पुसले.

"आमचे टोपलीन खरी मासली असते गो," एवढंच म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

ते लुगडं तिनं पुन्हा पेटीत ठेवलं नाही. धुऊन दोरीवर टाकलं आणि दुसऱ्या दिवशी तेच नेसून बाजारात गेली. माशाच्या पाण्यात, चिखलात. एकदाच नेसलेलं लुगडं. मला त्याचा अर्थ कोणी सांगायला नको होता.

सोमवारी मी वही तशीच नेली. व्हाइटनर उघडलाच नाही. मॅडमनी पान बघितलं, वही मिटली आणि मूल्यमापनाच्या फॉर्मवर लिहिलं, वागणूक असमाधानकारक, शिकण्याची तयारी नाही. गेटवर माझं ओळखपत्र काढून घेतलं. नावडे फाट्यावर बसची वाट बघत मी तासभर उभी होते. शूर वगैरे काही वाटत नव्हतं. फक्त भीती वाटत होती, की आता काय.

कॉलेजात समन्वयक सरांकडे गेले. मला वाटलं होतं, यांनी तर डोळ्यांनी पाहिलंय. त्यांना काय सांगायचं?

सरांनी वही पहिल्या पानापासून उघडली. एकेक पान उलटत गेले.

"हे अक्षर तुझंच?"

"हो सर."

"सूक्ष्मजीव चाचणी शिकलीस. गुणवत्ता नियंत्रण शिकलीस. इथे लिहिलंय, मार्गदर्शन उत्तम मिळालं. चौदा आठवडे उत्तम मिळालं आणि पंधराव्याला काहीच शिकवलं नाही?"

"सर, ते सगळे उतरवतात. मीही उतरवलं."

"म्हणजे खोटं लिहिलंस."

"हो."

"मग हे शेवटचं पान खरं आहे हे मी कशावरून मानू?"

बोलायला तोंड उघडलं आणि रडू आलं, तेही चारचौघांत. सरांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. म्हणाले, "कंपन्या आपल्याला मुश्किलीनं मिळतात गं. पुढच्या बॅचच्या मुलांचं काय करायचं मी?" त्यांचा बिल्ला अजून त्यांच्या टेबलावर पडला होता. चंदेरी, माशाच्या आकाराचा. मीच लावलेला.

सत्र अपूर्ण, असा शेरा आला. माझा वर्ग पुढे गेला. ऋजुताला त्याच कंपनीनं नोकरीचं पत्र दिलं. तिनं मला फोन करून सांगितलं. मी अभिनंदन केलं. मनापासून केलं की नाही, ते मला विचारू नका.

मला राग मॅडमचा येतो, सरांचा येतो, त्या कोटवाल्याचा येतो. पण सगळ्यात जास्त राग त्या चौदा पानांचा येतो. माझा गळा या सगळ्यांनी माझ्याच अक्षरानं आवळला. दर शनिवारी मी त्यांना दोर नेऊन देत होते आणि वर सही मागत होते.

आता मी पुन्हा को-ऑपला आहे. दुसरी कंपनी, महापे. पहिला आठवडा संपला. नव्या वहीवर नंबर आहेत, शिक्का आहे. ग्रुपवर जुनी वही आलीच होती, मी उघडली नाही. लिहिलं, 'सोमवार ते गुरुवार, फायलींना नंबर घातले. शुक्रवारी एका यंत्राचं नाव सांगितलं, चालवायला दिलं नाही.'

इथल्या सरांनी वाचलं. चष्मा वर केला.

"असं कोणी लिहितं का?"

"मी लिहिते."

"अशा पानावर मी सही करत नसतो."

"ठीक आहे सर. पान तेच राहील."

सही झालेली नाही. कदाचित होणारही नाही. हेही सत्र जाईल. आईला मी आधीच सांगून ठेवलंय. ती म्हणाली, "बरा." आणि पहाटे उठून बाजारात गेली.

कंपनीवाले काम देवोत, न देवोत. शिकवोत, न शिकवोत. सत्र घालवायचं त्यांच्या हातात आहे, त्यांनी खुशाल घालवावं. पण माझ्या अक्षरातली खोटी साक्ष इथून पुढे कुणाच्याही टेबलावर मिळणार नाही. दुसऱ्या आठवड्याचं पान मी काढलंय. वर तारीख घातलीय.