गाळलेली एम.एस्सी.

बँक, गिरणी उरकून मी झेरॉक्सच्या दुकानात शिरले. माझ्यापुढची मुलगी बायोडाटा टाइप करून घेत होती.

"काका, बी.एस्सी., एम.एस्सी. दोन्ही काढा. बारावीवर थांबवा."

"अगं, फर्स्ट क्लास आहे तुझा!"

"म्हणूनच. मॉलवाले म्हणतात, जास्त शिकलेली पोरगी टिकत नाही."

माझं डोकंच फिरलं. पूर्वी लोक दारावरच्या पाटीवर नावापुढे बी.ए. मिरवत. आम्हीच मुलींना सांगितलं, शीक, उद्या कामाला येईल. आता काम मिळावं म्हणून तेच शिक्षण डागासारखं लपवायचं, आणि लपवायला लावणाऱ्यांना लाजही नाही!

"मग मधली पाच वर्षं काय करत होतीस, म्हणून लिहू?" काकांनी विचारलं.

"घरीच होते, लिहा."